उभं केलं, पण विचारलं का?

मूल शाळेतून घरी आलं की आपण आधी डबा उघडून पाहतो, संपवला की नाही ते. त्या दिवशी शिक्षा झाली का, हे मात्र डब्यावरून कळत नाही.

मी अर्धवेळ शिक्षिका, सातवीला मराठी शिकवते. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शाळांतून सीसीटीव्ही बसवा असा सरकारी आदेश निघाला, तेव्हा आमच्याही व्हरांड्यात कॅमेरे लागले. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच ते, आणि लागायलाच हवे होते. पण यंत्र आलं की त्याचे आणखी उपयोग सुचतातच. घरात नवा मिक्सर आला की नाही का आपलं होत?

गेल्या वर्षी वर्गातल्या एकीची कंपासपेटी नाहीशी झाली. कॅमेऱ्यात मधल्या सुट्टीत दुसरीच एक मुलगी एकटी वर्गात जाताना दिसली. झालं! दोन तास तिला ऑफिसबाहेर उभं केलं. येणारेजाणारे बघत होते. मीही पाहिलं, आणि वह्यांचा गठ्ठा सावरत पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पेटी जिची तिच्याच घरी, पलंगाखाली सापडली. उभी केलेली मुलगी वर्गात गेली होती ती पाण्याची बाटली घ्यायला. कॅमेऱ्याला तिचं जाणं दिसलं, कारण नाही. आणि विचारलं कुणीच नाही. तिची आई चार घरी पोळ्या करते. पेटीवाली डॉक्टरांची लेक. कॅमेऱ्यात ही दिसली असती तर हिला आधी खुर्चीवर बसवून विचारलं असतं, हे मी छातीठोक सांगते.

“मारलं तर नाही ना कुणी?” असं नंतर एकजण म्हणाले. बायांनो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलाला मारायलाच नव्हे, मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे.

पालकसभेत फीबद्दल आपण तावातावानं बोलतो. यंदा एवढंही विचारा: कॅमेऱ्यातलं चित्रण कोण बघतं? मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा होते का? आणि चूक शाळेचीच निघाली तर? (आपलं कार्टं खरंच खोडकर असेल तर पाठीशी घालू नका, हे आलंच.)

शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर मिळालं, “झालं गेलं, विसरा आता.” मग मी माझ्या तासाला, सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. ती मान खाली घालून बसली होती. बाटली मात्र आता मधल्या सुट्टीत ती बरोबरच घेऊन जाते.