हळदीची नखे

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत हळदीची काढणी रंगात आली, आणि मातीतून निघालेले गड्डे झटकून, त्यांची बोटे मोडून, शिजवून वाळवणीस घालण्याच्या लगबगीत बायामाणसांचे हात दिवसभर गुंतले, म्हणजे त्या हातांच्या नखांवर असा गडद पिवळा रंग चढतो की पुढे लग्नसराईत मांडवात जाण्याची वेळ आली तरी तो आपला मुक्काम हलवीत नाही. शहरातील ब्युटी पार्लरात दाम मोजून नखांची जी निगा राखली जाते, ती घरच्या ओसरीवर, वाटीभर कोमट पाणी, खोबरेल तेल, नेलकटर व बारीक कानस एवढ्या सामग्रीवर सहज राखता येते. मात्र हळदीचे रसायन आणि नखाची घडण यांची थोडी ओळख असल्यावाचून हा उद्योग आरंभू नये, असे माझे मत आहे.

हळदीचा पिवळेपणा हा कर्क्युमिन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने हात कितीही घासले तरी फळ मिळत नाही. साबण लावावा, तर पिवळे नख पाहता पाहता तांबूस होते आणि अजाण माणूस दचकतो. परंतु साबण क्षारधर्मी असतो, व क्षाराच्या संगतीत कर्क्युमिन आपला वर्ण पालटते, एवढाच त्याचा अर्थ. हळदीत चुना कालवला असता ती लाल होते तीही याच न्यायाने. त्यावर लिंबाची फोड फिरवली की तांबूसपणा जातो व मूळचा पिवळा रंग परततो. तेव्हा डाग निघाला असे समजून कोणी हुरळून जाऊ नये. आधी तेल चोळावे, ते फडक्याने टिपून घ्यावे, मग साबणाने हात धुवावेत, आणि उरलासुरला रंग उन्हाच्या हवाली करावा, कारण कर्क्युमिन प्रकाशात विघटित होते, आणि मराठवाड्यात उन्हाची वानवा कधीच नसते.

नख हे केराटिन या प्रथिनाचे, आणि स्वतः निर्जीव. त्याची टांकसाळ त्वचेच्या घडीखाली दडलेली असते. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी दिसणारा पांढुरका अर्धचंद्र हा तिचाच डोकावणारा भाग होय. या टांकसाळीच्या दाराशी त्वचेची जी पातळ कड नखाला चिकटून असते, ती पाण्याला व जंतूंना मज्जाव करणारी चौकी आहे. आणि नेमकी हीच कड कुरूप ठरवून कात्रीने छाटून टाकण्याचा प्रघात पडला आहे. चौकी उठली की जंतूंना मुलूख मोकळा, आणि मग नखुरडे होऊन बोट ठणकू लागते. त्या कडेला तेलाचा थेंब लावून तिला स्वस्थ बसू द्यावे.

नख पाणी शोषून फुगते व मऊ होते, म्हणून ते स्नानानंतर काढणे सोपे. परंतु कानस मात्र कोरड्या नखावर, एकाच दिशेने फिरवावी, कारण ओले नख तिच्याखाली फाटते. नेलपॉलिश म्हणजे इथाइल व ब्युटाइल अ‍ॅसिटेटात विरघळविलेले नायट्रोसेल्युलोज. जाड थर दिला तर वरची साय आधी वाळते आणि आतले द्रावक कोंडून बुडबुडे धरतात. दोन पातळ थर केव्हाही बरे. हा रंग काढणारे अ‍ॅसिटोन भलतेच ज्वालाग्राही असते, आणि जिथे हळद शिजवण्याची चूल धगधगत आहे तिथे त्याची बाटली उघडण्यास सक्त मनाई असावी.

मेंदीची गोष्ट निराळी. तिच्यातील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनाशी रासायनिक बंध जोडते, त्यामुळे तेल, साबण, ऊन यांपैकी कशालाही ते दाद देत नाही; नख वाढून तो भाग पुढे सरकेल तेव्हाच तो काढायचा. आयोवाचे वैद्य विल्यम बीन यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून त्याच्या वाढीचा हिशेब तब्बल 35 वर्षे ठेवला आणि 1980 साली तो प्रसिद्ध केला: बत्तिसाव्या वर्षी ते नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढे, सदुसष्टाव्या वर्षी 0.095. या गतीने मुळाशी लागलेली मेंदी टोकाला पोहोचण्यास सुमारे सहा महिने लागतात, आणि वराकडची आजी असेल तर त्याहून अधिक.