वाघापर्यंत पोचलेला बर्ड फ्लू

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान झालं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. ज्या वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे आणि गावोगावी परसात कोंबड्या आहेत, त्याने ही बातमी शेजारच्या जिल्ह्याची म्हणून बाजूला ठेवू नये. पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यात शिरतो कसा, आणि माणसात तो सहजासहजी का पसरत नाही, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात पेशीवरच्या एका साखरेपासून होते. ती साखर आपलं किती रक्षण करते आणि कुठे अपुरी पडते, हे नीट समजलं तर भीतीही कमी होईल आणि बेफिकिरीही.

या साखरेचा माग तांबड्या रक्तपेशींनी दाखवला. १९४१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आलं की, फ्लूची लागण झालेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या द्रवात रक्त मिसळलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पेशीच्या पृष्ठभागावर साखरांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला बहुधा सायलिक आम्ल असतं. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन नेमकं तेच पकडतं. एकच विषाणू दोन पेशींना धरतो, म्हणून जाळं तयार होतं. एच५एन१ मधला ‘एच’ या प्रथिनाचा. ‘एन’ म्हणजे न्यूरामिनिडेज. नव्याने तयार झालेले विषाणू पेशीतून सुटावेत म्हणून ते हीच साखर कापतं आणि ऑसेल्टामिविर हे औषध त्यालाच अडवतं. मग फ्लू हा रक्ताचा आजार ठरतो का? नाही. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे तिच्यात विषाणूची वाढ होऊ शकत नाही. तीच साखर श्वासनलिकेच्या जिवंत पेशींवरही असते आणि खरी लागण तिथे होते. रक्तपेशी प्रयोगशाळेत फक्त साक्षीदाराचं काम करते.

खरी मेख आहे सायलिक आम्ल पुढच्या गॅलॅक्टोज साखरेला कसं जोडलंय यात. ही जोडणी गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनशी होते किंवा सहाव्या. पक्ष्यांच्या आतड्यात पहिला प्रकार भरपूर असतो, माणसाच्या नाकात आणि घशात मुख्यतः दुसरा. बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्याला घट्ट धरतो, म्हणून माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात तो नीट रुजत नाही आणि खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे सहजासहजी जात नाही. घोड्याच्या तांबड्या पेशींवर जवळजवळ सगळी जोडणी पहिल्या प्रकारची असते. म्हणूनच एच५ विरुद्धची प्रतिपिंडं तपासायला प्रयोगशाळा घोड्याचं रक्त वापरतात.

यावर कुणी म्हणेल, ‘मग कुलूपच वेगळं आहे, काळजी कशाला?’ पण हे कुलूप सगळ्या दारांना सारखं लावलेलं नाही. माणसाच्या फुप्फुसात खोलवर पहिल्या प्रकारची साखरही असते. मोठ्या प्रमाणात विषाणू तिथपर्यंत गेला तर आजार जीवघेणा ठरतो. २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा बर्ड फ्लूने दगावला. अमेरिकेत २०२४ मध्ये हा विषाणू गायींच्या कासेपर्यंत पोचला, कारण तिथेही ही साखर होती. वाघ-बिबट्यांना लागण झालेलं मांस खाऊनही तो जडू शकतो. शिवाय हिमॅग्लुटिनिनमध्ये मोजके बदल झाले तरी विषाणूची पसंती दुसऱ्या प्रकारच्या साखरेकडे झुकू शकते, आणि प्रत्येक नव्या सस्तन प्राण्यातली लागण म्हणजे अशा बदलाला मिळालेली आणखी एक संधी.

याचा अर्थ कोंबडी खाणं सोडावं असा नाही. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी पक्षी उघड्या हातांनी सोलण्यात आणि मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकण्यात. २००६ मध्ये नवापुरात देशातली पहिली साथ आली, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तो फटका टाळायचा तर कोंबड्या अचानक मरू लागताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायला हवं आणि कळवणाऱ्याला वेळेवर भरपाई मिळायला हवी. नुकसानीच्या भीतीने माहिती दडली, तर साखरेतला तो फरक एकटा किती काळ पुरेल याची हमी कुठलंही विज्ञान देत नाही.