पियानोच्या पोटातला उंदीर

टॉम आणि जेरीची ओळख कुणाला करून द्यायला नको. पण १९४० च्या फेब्रुवारीत 'पुस गेट्स द बूट'मधून ही जोडी पहिल्यांदा पडद्यावर आली, तेव्हा बोक्याचं नाव होतं जॅस्पर. दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची नावं श्रेयनामावलीत नव्हतीच. झळकलं ते रुडॉल्फ आयसिंग यांचं. चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला आणि हरला. कुणाकडून? तो बनवणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्याच 'द मिल्की वे'कडून. त्यावरही नाव आयसिंग यांचंच!

निर्माते फ्रेड क्विम्बी म्हणत होते, एकाच जोडीवर भिस्त नको, मांजर-उंदीर पुरे. मग टेक्ससमधून चित्रपटगृहाच्या व्यवसायातल्या एका बाईंचं पत्र आलं: या दोघांचे आणखी चित्रपट कधी येणार? क्विम्बी विरघळले. बारशासाठी स्टुडिओतच स्पर्धा लागली आणि 'टॉम अँड जेरी' सुचवणाऱ्याला ५० डॉलर मिळाले. टॉमची ती जीवघेणी किंकाळी मात्र खुद्द हॅनांच्या घशातली. श्रेयनामावलीत नाव नसलेला माणूस असा जगभर ऐकू गेला.

सगळ्यात मोठी ठिणगी पडली ती पियानोवरून. १९४६ च्या नोव्हेंबरात वॉर्नरचा 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' आला. त्यात कोट घातलेला बग्ज बनी संगीतकार लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो आणि पियानोत एक उंदीर असतो. एमजीएमच्या 'द कॅट कॉन्सर्टो'तही तीच रचना, तसाच कोट, तसाच उंदीर! दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. ऑस्करच्या निवडीसाठी चित्रपट दाखवले तेव्हा टॉमचा आधी लागला आणि मागून आलेला बग्ज नकलाकार ठरला, असं सांगतात. ऑस्कर टॉमला मिळालं, तेही ओळीनं चौथं.

या मालिकेनं एकूण सात ऑस्कर जिंकली. ती घ्यायला क्विम्बी जात. हॅना-बार्बेरांना मंचावर बोलावणं नसे. हे मला आजही खुपतं. म्हणूनच 'द कॅट कॉन्सर्टो'चा शेवट मी पुन्हा पुन्हा पाहतो. वाजवून वाजवून टॉम पियानोवर कोसळलेला, कोटाची रया गेलेली. टाळ्यांचा कडकडाट होतो, प्रकाशझोत सरकतो आणि पियानोतून चिमुकल्या कोटातला जेरी पुढे येऊन ऐटीत वाकतो.