मुक्या जिवाचें मनोगत

घरांतील कुत्रें दोन दिवस अन्नाला तोंड लावीत नाहीं, किंवा एरवीं मांडीवर येऊन बसणारें मांजर एकाएकीं कपाटाखालीं दडून बसतें, म्हणजे सगळें घर कासावीस होतें. लहान मूल निदान रडून पोटाकडे बोट दाखवितें. ह्या मुक्या जिवाला तेंही साधत नाहीं. त्याच्या मनांत काय आहे तें एकदां कळतें तर किती बरें झालें असतें, असें अशा वेळीं कोणालाही वाटेल.

ह्याच इच्छेच्या आधारावर हल्लीं एक व्यवसाय उभा राहिला आहे. आपण प्राण्यांशीं मनोमन बोलतों असें सांगणारीं माणसें अमेरिकेंत व युरोपांत पुष्कळ आहेत, आणि आपल्या शहरांतूनही तीं आढळूं लागलीं आहेत. इंग्रजींत त्यांना 'ॲनिमल कम्युनिकेटर' म्हणतात; आपण त्यांना प्राणिसंवादक म्हणूं. पुष्कळदां त्यांना प्राणी प्रत्यक्ष पाहण्याचीही गरज वाटत नाहीं. छायाचित्र पाठवावें, नांव व वय कळवावें, दक्षिणा द्यावी, कीं प्राण्याचें मनोगत घरबसल्या हातीं येतें. त्यावर कितपत विसंबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बर्लिन शहरांतील एका घोड्याची हकीकत येथें फार उपयोगी पडेल. विल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाच्या एका निवृत्त गणितशिक्षकानें आपल्या हान्स नांवाच्या घोड्याला मोठ्या चिकाटीनें धडे दिले होते. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा. हान्स खुरानें जमिनीवर ठोके देऊन बिनचूक उत्तर देई. मालकाचा घोड्याच्या बुद्धीवर मनापासून विश्वास होता. १९०४ सालीं मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेरा जाणत्या लोकांच्या मंडळानें पाहणी केली आणि ह्यांत कसलीही लबाडी नाहीं, असा निर्वाळा दिला.

परंतु श्टुम्फ ह्यांचे सहकारी ऑस्कार फुंग्स्ट तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं केलेली युक्ति अगदीं साधी होती. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, अशी त्यांनीं व्यवस्था केली. हान्सची विद्या तत्काळ संपली! घोड्याला विचारणारा दिसेनासा केला, तेव्हांही तोच प्रकार झाला. उलगडा झाला तो असा : प्रश्न विचारल्यावर माणूस नकळत किंचित् वाकून खुराकडे पाही, आणि घोडा ठोके देऊं लागे. योग्य आंकडा आला कीं माणसाचें डोकें केसभर वर होई, आणि घोडा थांबे. हें रहस्य उमगल्यावरही फुंग्स्ट ह्यांना स्वतःची ही हालचाल आवरतां येईना. १९०७ सालीं त्यांनीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें.

ह्या हकीकतींत दोन धडे आहेत. पहिला असा कीं, माणूस प्रामाणिक असला म्हणून त्याचें म्हणणें खरें ठरत नाहीं. सगळे प्राणिसंवादक लबाड आहेत, असें म्हणण्याचें कांहींच कारण नाहीं. पण काळजीनें भरलेल्या आपल्या प्रश्नांतच निम्मी माहिती असते. 'घरांत बाळ आल्यापासून तो रुसला आहे काय?' असें आपण विचारतों. 'होय, त्याला एकटें वाटतें' असें उत्तर येतें, आणि आपण थक्क होतों! 'तुमच्यावर त्याचा फार जीव आहे' हें वाक्य कोणत्या पाळीव प्राण्याला लागू पडणार नाहीं? जुळलेलें ध्यानांत राहतें, न जुळलेलें आपण विसरतों. आणि ज्याच्या तोंडीं हीं वाक्यें घातलीं जातात, त्या बिचाऱ्याला हरकत घेतां येत नाहीं.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. हान्सला गणित येत नव्हतें, पण माणूस वाचतां येत होता. आपल्याला मात्र प्राणी तितका वाचतां येत नाहीं. कुत्र्यानें कान पाडले, नजर चुकविली, कीं 'ह्याला आपला अपराध कळला' असें आपण समजतों. न्यूयॉर्क येथील बार्नार्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनीं चौदा कुत्र्यांवर प्रयोग करून २००९ सालीं दाखविलें कीं, ही अपराधी मुद्रा केलेल्या खोडीमुळें येत नाहीं, मालक रागावल्यामुळें येते. ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें, त्या कुत्र्यांवर मालक रागावले, तेव्हां तर ती अधिकच स्पष्ट दिसली.

ही चूक कधीं कधीं प्राणावर बेतते. एखादा बोका पुनःपुन्हा लघवीला बसतो, ओरडतो, पण लघवी होत नाहीं. 'तो तुमच्यावर रागावला आहे' असा निरोप मिळाला आणि घरच्यांनीं त्याची मनधरणी आरंभिली, तर मोलाचा वेळ जातो. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांतच तो बोका दगावूं शकतो. हात लावतांच गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा दांत, कान किंवा सांधा दुखत असण्याचा संभव असतो. खाणें, पाणी, लघवी, शौच, झोप आणि चाल ह्यांत काय पालटलें व केव्हांपासून, तें वहींत टिपून ठेवावें आणि ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावें. रोगी त्याच्याशींही बोलत नाहीं. पण तो अंगाला हात लावून पाहतो, रक्त-लघवी तपासतो, आणि त्याचें निदान चुकलें तर तें उघडकीस आणण्याचे मार्ग त्याच्या शास्त्रांतच आहेत.

एवढें करूनही कोणाला प्राणिसंवादकाकडे जावेंसें वाटलें, तर त्यानें फुंग्स्ट ह्यांची कसोटी बरोबर न्यावी. जें आपण सांगितलेलें नाहीं, जें आपल्यालाही ठाऊक नाहीं, पण मागाहून पडताळतां येईल, असें कांहीं विचारावें. शेजाऱ्यांकडे ठेवलेलें कुत्रें काल रात्रीं कोठें निजलें, एवढा प्रश्नही पुरे आहे. उत्तर येईपर्यंत आपल्या कुत्र्याजवळ बसून त्याचा श्वास, त्याची चाल, त्याचे डोळे नीट पाहावे. त्याला जें सांगावयाचें असतें, तें बहुधा तेथेंच लिहिलेलें असतें.