साडेबारा लाख की सव्वा लाख? वेबसाइटवर रुपये नीट कसे दाखवायचे

१२५०००० हा आकडा एका नजरेत वाचता येतो का? बहुतेकांना शून्यं मोजावी लागतात. आता १२,५०,००० बघा. साडेबारा लाख, लगेच कळलं! पण तोच १,२५०,००० असा छापला तर पुन्हा अडखळायला होतं. ही मिलियनवाली पद्धत, दर तीन अंकांनी स्वल्पविराम. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनचे गट पडतात: हजार, लाख, कोटी.

रत्नागिरीजवळच्या पालीत एका आंबा बागायतदार काकांच्या ऑर्डरच्या पानावर मी हेच पाहिलं. ५०० पेट्या, पेटीला २,५०० रुपये. लॅपटॉपवर एकूण रक्कम १२,५०,००० दिसायची, काकांच्या मोबाइलवर १,२५०,०००. काकांनी विचारलं, "अरे, हे साडेबारा लाख की सव्वा लाख?" सौदा ठरताना हा प्रश्न महागात पडू शकतो.

असं का होतं?

पान एका तयार टेम्प्लेटवर बनलेलं होतं. त्यात 'टू-लोकेल-स्ट्रिंग' हे जावास्क्रिप्टचं फंक्शन कंस रिकामा ठेवून वापरलं होतं. कुठल्या देशाची पद्धत हवी, म्हणजे लोकेल, हे सांगितलं नाही तर ब्राउझर स्वतःचीच सेटिंग धरतो. काकांचा फोन अमेरिकन इंग्रजीवर होता, म्हणून स्वल्पविरामही अमेरिकन.

मग करायचं काय?

जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल डॉट नंबर-फॉरमॅट' ही सोय आहे. तिला तीन गोष्टी सांगायच्या: लोकेल 'ईएन-आयएन' म्हणजे भारतातली इंग्रजी, स्टाइल 'करन्सी' आणि चलन 'आयएनआर'. उत्तर येतं ₹१२,५०,०००.००, फक्त इंग्रजी अंकांत. ₹ हे चिन्हही आपोआप लागतं. भारत सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं.

मराठी अंक हवेत? लोकेलच्या शेवटी 'यू-एनयू-देवा' जोडा, म्हणजे अंक देवनागरी होतात आणि गट लाख-कोटीचेच राहतात. शेवटचे पैसे नको असतील तर दशांशाचे किमान आणि कमाल अंक, दोन्ही शून्य ठेवा. काही जुन्या ब्राउझरवर नुसतं कमाल शून्य दिलं तर एरर येते.

एक पथ्य पाळाच

सजवलेला आकडा फक्त डोळ्यांसाठी असतो, हिशोबासाठी नाही. "१,२५,०००" हा मजकूर इंग्रजी अंकांत 'पार्स-फ्लोट'ला दिला तर तो पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबतो आणि उत्तर देतो: १. सव्वा लाखाचा एक रुपया! देवनागरी अंक दिले तर तेवढंही नाही, उत्तर येतं 'नॅन', म्हणजे ही संख्याच नाही.

शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला बारीक फरक राहतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. २,५०० रुपये म्हणजे २,५०,००० पैसे. सगळी बेरीज-वजाबाकी त्यातच करा आणि अगदी शेवटी, स्क्रीनवर दाखवताना, शंभराने भागून फॉरमॅट करा.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये आजच एक तपासणी करा: फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी करा आणि लाखाच्या वरचं एखादं बिल उघडा. स्वल्पविराम जागचे हलले, तर लोकेल द्यायचं राहिलंय!