फाशी झाली म्हणजे न्याय झाला? यझिदी वंशसंहाराविषयीचे गैरसमज

गैरसमज : आयसिसचा पराभव झाला, तिच्या सदस्यांना फाशी झाली, म्हणजे यझिदींना न्याय मिळाला.

वस्तुस्थिती : हे विधान वारंवार केले जाते आणि ते साफ चुकीचे आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी आयसिस या दहशतवादी संघटनेने यझिदी या धार्मिक अल्पसंख्याक समाजाच्या उत्तर इराकमधील सिंजार प्रदेशावर हल्ला करून पुरुषांची कत्तल केली, सहा हजारांहून अधिक स्त्रिया व मुले पळवून नेली, स्त्रियांना गुलाम म्हणून विकले आणि मुलग्यांना लढाईसाठी तयार केले. संयुक्त राष्ट्रांच्या सीरियाविषयक चौकशी आयोगाने जून २०१६ मध्ये या अत्याचारांना वंशसंहार ठरवले. एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार, अशी १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या असून हा हेतूच त्या गुन्ह्याचा गाभा आहे.

इराकी न्यायालयांनी मात्र खटले चालवले ते २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, ज्यात संघटनेचे सदस्यत्व सिद्ध झाले की शिक्षा देता येते. त्यामुळे बहुतेक खटल्यांत बलात्कार आणि गुलामगिरी यांचे आरोपच ठेवले गेले नाहीत आणि पीडित स्त्रियांची साक्षही झाली नाही. जिच्यावर अत्याचार झाला तिला न विचारता, तिच्यावरील गुन्ह्याचा उच्चारही न करता दिलेल्या शिक्षेला तिचा न्याय कसे म्हणावे? याउलट ३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रँकफर्टच्या न्यायालयाने पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात बांधून मारणाऱ्या आयसिस सदस्याला वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली, तेव्हा त्या मुलीच्या आईची साक्ष निर्णायक ठरली होती. गुन्हा कोठेही घडला तरी त्याचा खटला आपल्या देशात चालवण्याचा अधिकार, म्हणजे सार्वत्रिक अधिकारक्षेत्र, जर्मनीने वापरल्यामुळे हे शक्य झाले.

गैरसमज : आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय सर्व पाहून घेईल.

वस्तुस्थिती : इराक व सीरिया त्याचे सदस्य नाहीत आणि सीरियाचे प्रकरण तेथे पाठवण्याचा ठराव रशिया व चीन यांनी मे २०१४ मध्येच नकाराधिकाराने रोखला होता.

गैरसमज : भत्ता मिळाला की पुनर्वसन झाले.

वस्तुस्थिती : इराकच्या २०२१ च्या कायद्याने मासिक भत्ता, जमीन, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत दोन टक्के राखीव जागा मान्य केल्या असल्या, तरी सुमारे अडीच हजार स्त्रिया व मुले बेपत्ताच आहेत आणि बंदिवासातील बलात्कारांतून जन्मलेल्या मुलांचा प्रश्न त्या कायद्याने सोडवलेला नाही.

गैरसमज : यझिदी सैतानाचे उपासक किंवा करबलाच्या लढाईशी नाव जोडलेल्या खलिफा यझीदचे अनुयायी आहेत.

वस्तुस्थिती : ते एकेश्वरवादी असून मयूररूपी देवदूत ताऊसी मेलेक यांना पूज्य मानतात, सैतानपूजेचा हाच खोटा आरोप आयसिसने गुलामगिरीच्या समर्थनासाठी वापरला.

इराकने वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा मानून खटले चालवावेत, साक्षीदार स्त्रियांना संरक्षण द्यावे आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध पूर्ण करावा. तोवर यझिदींना न्याय मिळाल्याचे विधान कोणीही करू नये.