शेजाऱ्याची उघडी टाकी

मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाला, शरीराने ते नाकारू नये म्हणून, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात. अशा माणसाला डेंग्यू झाल्यास रक्तातील प्रतिपिंडे उशिरा तयार होण्याचा संभव असतो. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीचा ‘डेंग्यू नाही’ हा अहवाल पाहून घरचे निश्चिंत होतात, ती निश्चिंती घातक! पहिल्या ५ दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी म्हणूनच अगत्याची. लस घ्यावी, तर आजच्या मान्यताप्राप्त लशी क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंच्या. त्या या रुग्णांना वर्ज्य. राहता राहिला डासांचा बंदोबस्त. एडिस डासाची अंडी पिंपाच्या कडांना चिकटतात आणि ८-१० दिवसांत त्यांतून डास उडतो. रुग्णाने आपले पिंप दर आठवड्याला घासून कोरडे केले, तरी शेजारच्या गच्चीवरील उघड्या टाकीचे त्याने काय करावे?